एक टक्का रंग

हळदी पिवळा रंग देणारी भुकटी पाण्यात विरघळवून बाटलीत भरली, तर बाटलीत पिवळा दिसत नाही. दिसतो तो दाट नारिंगी, जवळजवळ तांबडा. बाटली खिडकीशी धरून तिरकी केली, की काचेवरून उतरणाऱ्या पातळ थरात पिवळा एकदम उजळतो. सरळ केली, की तो पुन्हा तांबड्यात बुडतो. रंग तोच, पाणी तेच. बदलली ती फक्त थराची जाडी.

कारण मोठे सुंदर आहे. पिवळा रंग पांढऱ्या उजेडातला निळा भाग जवळपास सगळा शोषतो, हिरवा अगदी थोडा शोषतो आणि लाल सोडून देतो. उरलेले लाल आणि हिरवे मिळून डोळ्याला पिवळे वाटतात. आता समजा, द्रावणाचा प्रत्येक मिलिमीटर हिरव्या उजेडाचा दहावा हिस्सा अडवतो. एका मिलिमीटरनंतर ९० टक्के हिरवा उरला, १० मिलिमीटरनंतर सुमारे ३५ टक्के, आणि ५० मिलिमीटर जाड बाटलीच्या पलीकडे पोहोचेपर्यंत जेमतेम अर्धा टक्का. प्रत्येक थर समोर आलेल्यातला दहावा हिस्साच घेतो, तरी शेवटी हिरवा संपतो आणि लाल एकटा पार होतो. म्हणून घरी सूत रंगवणारी माणसे बाटलीतल्या रंगावर निर्णय घेत नाहीत. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकतात, वाळू देतात, मग बोलतात.

या बाटलीतल्या द्रावणाला रंगकामात स्टॉक म्हणतात. १ ग्रॅम भुकटी घ्यायची आणि पाणी घालून एकूण माप १०० मिलिलिटर करायचे, की एक टक्क्याचा स्टॉक तयार झाला. कृती एवढीच. पण या एका पायरीने रंग मोजता येऊ लागतो, आणि मोजता आला की तो पुन्हा बोलावता येतो. जबलपूरसारख्या गावात, जिथे पाणी, ऊन आणि थंडी तिन्ही रंगाच्या कामात हात घालतात, तिथे ही मोजणी किती खोल जाते ते पाहण्यासारखे आहे.

आधी हिशेब. रंगाचे प्रमाण नेहमी कोरड्या सुताच्या वजनावर ठरते, पाण्यावर नाही. १०० ग्रॅमची लडी २ टक्के गडद रंगवायची म्हणजे २ ग्रॅम रंग हवा. एक टक्क्याच्या स्टॉकमधून तो २०० मिलिलिटर मोजून घ्यावा. सुताचे वजन गुणिले हवी ती टक्केवारी, भागिले स्टॉकची टक्केवारी: गणित पाचवीतले आहे. मग भुकटीच थेट का तोलू नये? मोठ्या लडीला आणि गडद रंगाला तोललीही असती. पण नमुन्याची १० ग्रॅमची लडी घ्या, तिला फिका, ०.१ टक्क्याचा रंग द्यायचा ठरवा, आणि त्या रंगात फिरोजी फक्त दहावा हिस्सा ठेवा. फिरोजीचे वजन आले १ मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा ते दाखवणार नाही, सोनाराचा काटाही तिथे अडखळेल. स्टॉकमधून मात्र तो ०.१ मिलिलिटर आहे. त्याच स्टॉकचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून ०.१ टक्क्याची दुसरी बाटली केली, तर पूर्ण १ मिलिलिटर. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बिनसुईच्या सिरिंजने तो कोणालाही मोजता येतो. प्रयोगशाळेच्या काट्याचे काम पाण्याने केले.

आणि एवढे पातळ करूनही त्या थेंबात रंग काही कमी उरत नाही. स्टॉकचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. घरगुती कामात बहुतेकांकडे असलेला एक लाल रंग, एमएक्स ५बी, घ्या. त्याच्या एका रेणूचे वजन हायड्रोजनच्या अणूच्या सहाशे पटींहून थोडे अधिक. भुकटी शुद्ध धरली, तर एका थेंबात किती रेणू? ५ या आकड्यावर १७ शून्ये. पृथ्वीवरच्या ८ अब्ज माणसांत ते सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६ कोटी येतील. लडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग एकसारखा चढू शकतो तो या अफाट संख्येमुळे. कोणत्याही धाग्याच्या वाट्याला रंग न येण्याची शक्यताच उरत नाही.

भुकटी विरघळवणे हे मात्र हाताचे कसब आहे. कोरड्या भुकटीवर एकदम पाणी ओतले, की गुठळ्या होतात. गुठळीचे बाहेरचे आवरण भिजून चिकट होते आणि आतल्या कोरड्या भुकटीपर्यंत पाणी पोहोचू देत नाही. म्हणून आधी चमचाभर पाण्यात, पिठल्यासाठी बेसन कालवतात तसा, रंग कालवून घ्यायचा. गुठळी राहिली नाही असे दिसले की मगच पाणी वाढवायचे. रंगाचे रेणू चपटे असतात आणि पाण्यातही एकमेकांवर थप्पी लावून बसायला पाहतात. पाण्याशी त्यांचे जमते ते त्यांच्या कडेला असलेल्या, ऋण भार बाळगणाऱ्या सल्फोनेट गटांमुळे. ५ किंवा १० टक्क्यांचा दाट स्टॉक करायचा असेल, तर थोडा युरिया घालतात, तोच शेतात टाकायचा. त्याने थप्प्या सैल होतात आणि रंग पूर्ण विरघळतो. भुकटी उघडताना पंखा बंद आणि तोंडावर मास्क हवाच. या प्रकारच्या रंगांची धूळ वारंवार श्वासात गेली, तर काही जणांना दम्यासारखी कायमची ॲलर्जी जडू शकते. स्टॉक करून ठेवण्याचा हाही एक मोठा फायदा: धुळीशी गाठ एकदाच पडते, नंतर सारे काम ओले. आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नयेत.

आता पाणी. जबलपूर शहराला नर्मदेचे पाणी मिळते, खंदारी आणि परियट जलाशयांचेही मिळते, आणि पुष्कळ घरांत बोअरवेल आहे. शहरातून नदी पुढे वीसेक किलोमीटर गेली की भेडाघाट येते: दोन्ही बाजूंना संगमरवराचे पांढरे कडे आणि मधून संथ, खोल पाणी. हा संगमरवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कार्बोनेटचा आहे. शहराचे पाणी काही त्या कड्यांवरून येत नाही, कडे प्रवाहाच्या खालच्या अंगाला आहेत. पण नर्मदेच्या खोऱ्यातल्या मातीत चुन्याचे खडे ठिकठिकाणी असतात. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरते, किंचित आंबट होते आणि हा चुना विरघळवत खाली जाते. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, तो याच विरघळलेल्या दगडाचा. एकाच गावात मदनमहालच्या ग्रॅनाइटवरच्या घराचे पाणी आणि सखल मातीतल्या घराचे पाणी यांत फरक पडू शकतो.

रंगाच्या भांड्यात हा अदृश्य दगड दोनदा आडवा येतो. पहिल्यांदा स्टॉक करताना. रंगाचे रेणू ऋण भाराचे, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन धन भाराचे, प्रत्येकी दुहेरी. ते रंगाला पकडतात, आणि त्यातून बनलेला क्षार मूळ रंगाइतका सहज विरघळत नाही. बाटलीच्या तळाशी गाळ बसतो, सुतावर ठिपके पडतात, रंग निस्तेज होतो. दुसऱ्यांदा, रंग पक्का करण्यासाठी धुण्याचा सोडा टाकतो तेव्हा. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेट आणि पाण्यातला कॅल्शियम एकत्र आले, की कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो आणि पाण्याबाहेर पडतो. अगदी थोडी पांढरी भुरी सुतावर बसते आणि रंगावर दुधाळ छटा आल्यासारखे वाटते. मला हे फार विलक्षण वाटते. पाण्याने जमिनीत शिरून जो दगड विरघळवला, तो आपल्या बादलीत पुन्हा दगड होतो, आणि भेडाघाटच्या कड्यांत जो पदार्थ शंभर फूट उभा आहे त्याच कुळातला कण धाग्यावर येऊन बसतो.

उपाय दोन. स्टॉकसाठी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे. १०० मिलिलिटरला खर्च तो काय. आणि रंगाच्या मोठ्या भांड्यात सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट लिटरला एखादा ग्रॅम टाकावे. कॅलगॉन म्हणून ओळखले जाणारे पाणी मऊ करणारे द्रव्य ते हेच. ते कॅल्शियमला आपल्या साखळीत असे धरून ठेवते, की तो पाण्यात असूनही नसल्यासारखा होतो. मीठही तपासून घ्यावे. जाड्या समुद्री मिठात मॅग्नेशियम असतो, म्हणजे पाणी मऊ केले आणि मिठातून जडपणा परत आणला, असे होऊ शकते. दाण्यादाण्याने मोकळे राहणारे शुद्ध मीठ बरे.

इथवर पाणी वाहक होते. पुढे ते स्पर्धक होते. सुती धाग्यासाठी घरी जे रंग वापरतात, बाजारात ज्यांना कोल्ड ब्रँड किंवा एम ब्रँड म्हणतात, ते रिॲक्टिव्ह रंग आहेत. त्याआधीचे सुती रंग धाग्यात अडकून राहत, धाग्यावर चिकटत किंवा तुरटीसारख्या मध्यस्थाच्या आधाराने टिकत. रिॲक्टिव्ह रंग धाग्याच्या रेणूशी थेट रासायनिक बंध बांधतो आणि त्याचाच भाग होतो. इंग्लंडमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या इयन रॅटी आणि विल्यम स्टीफन या रसायनज्ञांनी १९५४ च्या सुमारास हे साधले, आणि १९५६ मध्ये प्रोसियन या नावाने असे पहिले रंग बाजारात आले. विल्यम पर्किनने डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यांपासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला तो १८५६ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी रंगाला कापसाशी जोडणारा हा बंध हाती आला. यानंतर या रंगांचे शास्त्र केवढे वाढले, याची साक्ष आपल्याकडेच आहे. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे आजच्या माटुंग्याच्या आयसीटीचे, दीर्घकाळ प्रमुख असलेले आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनावर १९५२ पासून खंडामागून खंड काढले. त्यांतला १९७२ चा सहावा खंड अख्खा रिॲक्टिव्ह रंगांना दिलेला आहे.

या रंगाच्या रेणूला एक छोटी कडी असते. तीन कार्बन आणि तीन नायट्रोजन आळीपाळीने बसलेली षट्कोनी कडी, आणि तिच्यावर दोन क्लोरीन. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी झाले, की कापसाच्या रेणूवरचे काही हायड्रॉक्सिल गट आपला हायड्रोजन सोडतात, ऋण भाराचे होतात आणि त्या क्लोरीनच्या जागेवर चालून जातात. क्लोरीन निघतो, कापूस जोडला जातो, काम कायमचे झाले. पण पाण्याकडेही हायड्रॉक्साइड आयन आहेत आणि तेही त्याच जागेवर टपलेले आहेत. एखाद्या रेणूच्या त्या जागा पाण्याने बळकावल्या, की तो दिसायला तितकाच लाल राहतो, पण सुताला कधीच जोडला जाणार नाही. धुताना वाहून जाईल. जुना झालेला स्टॉक नेमका इथे फसवतो. बाटलीत तो पहिल्या दिवसाइतकाच गडद दिसतो, आणि लडी धुतल्यावर फिकी निघते.

साध्या पाण्यात ही झीज सावकाश चालते. पीएच ७ वरून ११ वर गेला, की हायड्रॉक्साइड आयनांची संख्या १०,००० पट होते. म्हणून सोडा स्टॉकमध्ये कधीही घालायचा नाही. तो शेवटी, सुताच्या भांड्यात. सोडा पडल्यापासून घड्याळ चालू होते आणि काही तासांत रंग संपतो, सुताला लागून किंवा पाण्याला लागून. तरीही सूत जिंकते, आणि बऱ्यापैकी फरकाने जिंकते. पाण्याच्या मानाने कापूस केवढासा, पण रंग आधीच मिठाच्या मदतीने धाग्याच्या आत गोळा झालेला असतो. मिठाचे काम हेच. पाण्यात भिजलेला कापूस किंचित ऋण भाराचा असतो, रंगही ऋण, म्हणजे दोघे एकमेकांना दूर लोटतात. मिठातले सोडियम आयन मध्ये येऊन हा दुरावा झाकतात आणि रंग धाग्याजवळ सरकतो. मध्यम छटेला लिटरमागे साधारण ५० ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम धुण्याचा सोडा लागतो. आधी रंग आणि मीठ, अर्धा तास हलवत राहून. मग सोडा, आणि तासभर धीर. नंतर थंड पाण्यात, आणि मग उकळत्या पाण्यात निघेल तेवढा सुटा रंग काढून टाकायचा.

या साऱ्याला जबलपूरचे हवामान जोडा. हे रंग ३० ते ४० अंशांत उत्तम चालतात. मे महिन्यात इथे दुपारचे तापमान ४२ च्या वर जाते; रंगाचे भांडे नुसते पडवीत ठेवले तरी पुरे, शेगडीची गरज नाही. पण ज्या उन्हाने भांड्यातले काम सोपे होते त्याच उन्हात कपाटातला स्टॉक वेगाने मरतो. अशा अभिक्रिया दर १० अंशांना साधारण दुप्पट वेग घेतात, असा ढोबळ नियम आहे. फ्रिजमधले ४ अंश आणि मे महिन्यातले ४२ अंश यांत जवळजवळ चार पायऱ्या, म्हणजे दहा-पंधरा पटींचा फरक. म्हणून उन्हाळ्यात स्टॉक फ्रिजमध्ये, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, ठळक चिठ्ठी लावून ठेवावा आणि एक-दोन आठवड्यांत संपवावा. वापरण्याआधी बाटली खोलीच्या तापमानाला आणून हलवावी, कारण थंडीत काही रंग तळाशी बसतो. डिसेंबरात उलटे. रात्री ८-१० अंशांपर्यंत उतरतात, स्टॉक निवांत टिकतो, पण भांड्याला कोमट पाण्याच्या परातीत बसवावे लागते, नाहीतर रंग चढतच नाही. लोकरीचे रंग निराळे. ते आम्लात, व्हिनेगर टाकून, उकळीच्या जवळ चढतात, त्यांना पाण्याची ही स्पर्धा नाही, आणि त्यांचा स्टॉक महिनोन् महिने टिकतो. त्यांची भुकटी मात्र कडकडीत गरम पाण्यात विरघळवावी लागते.

आता या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. तीन बाटल्या घ्या: लिंबी पिवळा, गुलाबी झाकेचा लाल आणि फिरोजी, तिन्ही एक टक्क्याच्या. सुताच्या ५ ग्रॅमच्या छोट्या लड्या करा. २ टक्क्यांची छटा म्हणजे प्रत्येक लडीला १० मिलिलिटर स्टॉक. आता हे १० मिलिलिटर तीन रंगांत १-१ मिलिलिटरच्या टप्प्याने जितक्या प्रकारे वाटता येतील तितके वाटा. दहा पिवळे, नऊ पिवळे आणि एक लाल, आठ पिवळे, एक लाल, एक फिरोजी, असे करत करत. एकूण वाटण्या होतात ६६. तीन कोपऱ्यांवर शुद्ध रंग, तीन कडांवर दोन-दोन रंगांची २७ मिश्रणे, आणि आत तिन्ही रंगांची ३६. साऱ्याला लागते ३३० ग्रॅम सूत आणि अवघी ६.६ ग्रॅम भुकटी.

वाळलेल्या लड्या त्रिकोणात मांडल्या, की आपल्या साड्यांच्या दुकानातली सगळी बोली समोर येते. पिवळ्या-फिरोजी कडेवर पोपटी, हिरवा, रामा. फिरोजी-लाल कडेवर निळा, जांभळा, वांगी. लाल-पिवळ्या कडेवर शेंदरी आणि केशरी. आणि आत, जिथे तिन्ही मिसळले, तिथे आमसुली, विटकरी, मेंदी, शेवाळी, मातकट, तपकिरी. अर्ध्याहून अधिक जागा या शांत रंगांनी व्यापलेली असते. निसर्गात दृष्टीस पडणारे माती, साल, वाळके गवत, दगड यांचे रंग इथेच राहतात, आणि नवे लोक त्यांना मळके समजून टाळतात, याचे मला वाईट वाटते. त्रिकोण सारखा तोललेला नसतो, हेही लगेच दिसते. लिंबी पिवळा दुबळा आहे, लाल जबरदस्त. नऊ भाग पिवळ्यात एक भाग लाल पडला, की पिवळेपण संपून नारिंगी सुरू होते. २ टक्क्यांऐवजी अर्ध्या टक्क्याने हाच त्रिकोण पुन्हा केला, तर आणखी ६६ छटा. अबोली, मोतिया, आकाशी त्यांत सापडतात.

मिश्रण झाले म्हणून रंग एकजीव झाले असे मात्र नाही. ते पाण्यात शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते. फिरोजीचा रेणू मोठा आहे, मध्यभागी तांब्याचा अणू धरून बसलेला, आणि तो धाग्यात सावकाश शिरतो, उष्णताही अधिक मागतो. थंडीत हिरवा रंगवताना लडी पोपटीकडे झुकते ती यामुळे. हे घरबसल्या पाहता येते. तपकिरी मिश्रणाचा एक थेंब टिपकागदावर टाकावा आणि त्याच्या मधोमध थेंब थेंब साधे पाणी सोडत राहावे. पाणी कागदातून पसरत जाते, त्याच्यासोबत रंग निघतात, आणि काही मिनिटांत तपकिरीची वलये होतात: एक रंग पुढे, एक मागे. दुकानातून आणलेल्या काळ्या किंवा तपकिरी भुकटीवर हाच प्रयोग केला, तर तिच्यात आत कोणकोण आहे ते उघडे पडते.

जबलपूरला रंगीत सुताचा इतिहास या भुकट्यांहून जुना आहे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनच्या काळात, १८३० च्या दशकात, इथे एक उद्योगशाळा निघाली. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले तिथे तंबू, सतरंज्या आणि गालिचे विणायला शिकली. गालिचा म्हणजे आधी रंगवलेले सूत किंवा लोकर, आणि नंतर विणकाम. एका गालिच्याला पुरेल इतके सूत एका छटेचे असावे लागते. वनस्पतींच्या रंगांनी हे साधणे किती अवघड असेल, हे ज्याने दोन लड्या वेगवेगळ्या दिवशी रंगवल्या आहेत त्यालाच कळेल. जवळच्या सागर-दमोहकडे आणि बुंदेलखंडात आल या वनस्पतीची लागवड होई. तिची मुळे साधारण तीन वर्षांनी खणत आणि त्यांपासून तुरटीच्या जोडीने पक्का तांबडा मिळे. बारीक मुळात रंग अधिक, जाड्या मुळात कमी. म्हणजे १ ग्रॅम मुळात रंग किती, हे शेत, वर्ष आणि मुळाची जाडी ठरवणार. जर्मनीत ग्रेब आणि लीबरमान यांनी १८६८ मध्ये मंजिष्ठेच्या जातीचा लाल रंग, अलिझरिन, प्रयोगशाळेत घडवला. १८७० मध्ये जबलपूरला मुंबई आणि कलकत्त्याकडचे लोहमार्ग जोडले गेले. पुढच्या काही दशकांत आलची शेती ओसरली. स्वस्ताईने तिला मारले, हे खरेच. पण कारखान्याच्या डब्यात आणखी एक गोष्ट होती: प्रत्येक ग्रॅम सारखा होता.

वनस्पतींचे रंग म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. त्यांचा स्टॉक वेगळ्या रीतीने बांधावा लागतो. फाल्गुनात जबलपूरच्या चहूकडे पळस फुलतो. इथे त्याला टेसू म्हणतात. वाळवलेल्या फुलांचा काढा करून गाळला, की पिवळे पाणी मिळते. चिमूटभर सोडा किंवा चुन्याची निवळी पडली, की डोळ्यादेखत ते नारिंगी होते, कारण अल्कात त्या रंगद्रव्याचा रेणू हायड्रोजन सोडतो आणि उजेड शोषण्याची त्याची जागा सरकते. याच पळसावर, बोरीवर आणि कुसुमावर लाखेचे किडे वाढतात. मंडला, सिवनी, बालाघाटच्या पट्ट्यात हा जंगलातला जुना उद्योग. काडीवरची लाख कुटून धुतली, की पाणी लाल होते. लाखेच्या व्यापाऱ्याला राळ हवी असते, हे लाल पाणी तो सोडून देतो, आणि त्याच पाण्यात लोकर तुरटीसह घातली तर किरमिजी होते, लोहक्षार असेल तर जांभळट. अशा काढ्याचे माप रंगाच्या वजनाने घेता येत नाही, मालाच्या वजनाने घ्यावे: ५० ग्रॅम वाळली फुले, गाळून एकूण ५०० मिलिलिटर, म्हणजे दहा टक्क्यांचा फुलस्टॉक. एकाच झाडाची, एकाच आठवड्यात वेचलेली फुले एकत्र मिसळून ठेवली, की निदान त्या वर्षापुरता आकडा बऱ्यापैकी टिकतो. काढा दोन दिवसांत आंबतो, म्हणून फुले वाळवून ठेवायची आणि काढा लागेल तेवढाच करायचा.

भुकटीच्या रंगांनी काम करणाऱ्याची वही पाहिली, तर तिच्यात रंगांची नावे कमी आणि आकडे जास्त असतात. सूत ५ ग्रॅम, पिवळा ६, लाल ३, फिरोजी १. हीच ओळ पुण्यातल्या बहिणीला पाठवली, तिने तीच भुकटी आणि तेच सूत घेतले, तर छटा जवळपास तीच यायला हवी. तरी दोन लड्या शेजारी ठेवल्यावर जबलपूरची थोडी मंद निघू शकते. पुण्याच्या नळाला येणारे धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पावसाचे, काळ्या पाषाणावरून आलेले, मऊ असते. इकडे बोअरचे. म्हणून वहीत आकड्यांच्या पुढे आणखी तीन रकाने आखावेत: स्टॉक कोणत्या तारखेचा, त्या दिवशी खोलीचे तापमान किती, आणि पाणी कुठले.